दोन मात्रांची खोट

पडदा वर जातो. फरीदाबादच्या नव्या सेक्टरातला सोसायटीचा हॉल. भिंतींना रंगाचा वास, छतातून पंख्याची नुसतीच वायर लोंबते आहे. मधोमध टेबलाशी भालचंद्रराव, खिशात लाल-हिरव्या टिकल्यांची पाकिटं. साल अठ्ठ्याण्णव. मराठी मंडळाच्या महाराष्ट्रदिन स्मरणिकेसाठी कविता निवडल्या जात आहेत.

भालचंद्रराव कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासत. माप जुळलं तर हिरवी टिकली, नाहीतर लाल. मंडळाने कविता सोपवल्या, तर त्यांनाही तोच कायदा. प्रेमकविता असो की पाळणा, गृहस्थ बोटांच्या पेरांवर मात्रा मोजणार. अर्थाचं विचारलं, तर ते खातं आपलं नाही म्हणणार. मुक्तछंदातली एक कविता त्यांनी ‘सोबत ड्रॉइंग जोडलेलं नाही’ असा शेरा मारून परत केली होती. निवडीला त्यांच्या शेजारी बसलेली मी जुनी नटी; संगीत नाटकात माझी तीस वर्षं गेली, टीकाकार मीही पचवले. पण मोजपट्टी घेऊन आलेला हा पहिलाच.

त्या दुपारी कौसल्याताई आल्या. मूळच्या नागपूरकडच्या. यजमान शामराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथल्या फ्लॅटात आले आणि वर्षभरात गेले. बाईंनी जन्मात एकच कविता लिहिली होती. ती शामरावांच्या पहिल्या स्मृतिदिनाला, म्हणजे याच अंकात, छापून यावी एवढंच मागणं.

खिडकीखाली पिवळी शेते
शेतावरती आल्या भिंती
भिंतीमध्ये खुर्ची तुमची
खुर्चीवरती ऊन बसे

पेरं मोजून झाली. सोळा, सोळा, सोळा, चौदा. लाल टिकली.

“वहिनी, शेवटी दोन मात्रांची खोट आहे. ‘बसे’चं ‘बसतसे’ करा, आत्ता पास करतो.”

“भाऊजी, आमच्या घरात ऊन बसतसे नाही,” ताई म्हणाल्या. “ते नुसतंच येऊन बसते.”

आणि कागद उचलून त्या निघाल्या. मी आडवी आले. म्हटलं, छापायचं राहू दे, निदान एकदा वाचून तरी दाखवा.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. तीन ओळी सरळ गेल्या. ‘खुर्चीवरती’ म्हणाल्या आणि थांबल्या. मग हळूच, ‘ऊन बसे’.

पुढच्या रांगेतले हात बघायची नटीला सवय असते. ताई थांबल्या होत्या तेव्हा भालचंद्ररावांचा अंगठा थांबला नव्हता. एक पेर, दुसरं पेर. सोळा भरल्या.

ते कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग ताईंच्या हातून कागद घेऊन नखाने लाल टिकली खरवडली. कागदही थोडा सोलवटला. हिरवी मात्र लावली नाही. कारखान्यात मापाबाहेरचा पण चालणारा भाग साहेबाच्या सहीने एकदाच सोडतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. भालचंद्ररावांनी कोपऱ्यात सही केली, पेनाला टोपण लावलं आणि नवऱ्याच्या आठवणीने डोळे भरलेल्या त्या बाईला गंभीरपणे सांगितलं,

“डेव्हिएशनवर सोडतोय, वहिनी. पण पुढच्या लॉटला मात्रा पुऱ्या पाहिजेत.”