मेश्रामांचा मिलिंद मिलिटरी शाळेत जातो

अमेरिकेतल्या अर्विंगमधल्या आमच्या मराठी घरांत दोन गोष्टी साचत जातात: पॉटलकनंतर कुणाचे कुणाकडे राहिलेले डबे, आणि किस्से. डबे कधीतरी परत जातात. किस्से मात्र दर शनिवारी थोडे फुगून परत येतात! ऐंशीच्या दशकातले, सुधाकर मेश्रामच्या मिलिंदच्या शाळेचे किस्से तर अजून गरम आहेत.

मेश्राम मूळचा नागपूरचा. बायको प्रमिला हॉस्पिटलात नर्स. दोघांनाही शिफ्ट. चौदा वर्षांचा मिलिंद शाळा बुडवून टीव्हीसमोर लोळायला लागला, तेव्हा मेश्रामने मिलिटरी शाळेचं मनावर घेतलं. "मला होस्टेलनं माणूस केलं, ह्यालाही करेल!" प्रमिलाला मात्र एकच धास्ती होती. आधीच इंग्रजीत उत्तरं देणारा पोरगा, तिकडे गेला की आपला म्हणून परत यायचा नाही.

*

पहिल्या शाळेचं माहितीपत्रक आलं. गुळगुळीत कागद, तळं, घोडे. मेश्रामने फी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"काय बाप्पा, पोराला शिकवायचं आहे, शाळा विकत नाही घ्यायची!"

*

दुसऱ्या, जरा परवडेलशा शाळेला त्याने आमच्या घरून फोन लावला. जेवणाची काळजी, म्हणून आधी तेच विचारलं. "मॅडम, डू यू हॅव अ मेस?"

पलीकडची बाई दुखावली. "नो सर! वी कीप एव्हरीथिंग व्हेरी क्लीन!"

मेश्रामने हताश होऊन फोन ठेवला. "मेसच नाही म्हणते! पोरं खातात काय?"

माझी बायको हसून हसून खाली बसली. मग तिनेच परत फोन करून किचनचं विचारलं. किचन होतं!

*

ती शाळा बघायला मीच त्यांना घेऊन गेलो. शाळेचे प्रमुख कर्नलसाहेब आमच्याशी बोलत असताना व्हरांड्यात कुणीतरी कडाडलं, "अटेन्शन!" मिलिंद भिंतीला टेकलेलाच राहिला. मेश्राम मात्र हातातल्या कॉफीसकट ताठ! नागपूरच्या शाळेतली पीटी, दुसरं काय.

कर्नल म्हणाले, "सर, तुम्हाला आजच घेतो. मुलाचं बघू."

*

फी तरीही जड होती. मेश्रामने संकोच गिळून सवलतीचं विचारलं. कर्नल विचारात पडले. तेवढ्यात मिलिंदची बोटं टेबलाच्या कडेवर वाजायला लागली. आमच्या कार्यक्रमांत तो ढोलकी वाजवायचा, आणि घरी ह्याच टकटकीवरून रोज बोलणी खायचा.

"बंद कर ते!" मेश्राम दबक्या आवाजात खेकसला.

"नको, वाजवू द्या," कर्नल म्हणाले. "आमच्या बँडचा ड्रमर नुकताच पास होऊन गेला."

बँडसाठी फी निम्मी झाली! त्या भल्या माणसाचं नाव मेश्राम अजून हात जोडून घेतो. आम्हीही घेतो. परतताना गाडीत मेश्राम मुलाला म्हणाला, "वाजव लेका, डॅशबोर्डवर वाजव!"

*

कुणाच्याही घरून निघताना मिलिंद "जातो" म्हणायचा आणि प्रमिला दारातच अडवायची. "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं."

"बट मॉम, आय ॲम गोइंग! आय ॲम नॉट कमिंग!"

हा वाद संपेपर्यंत आम्ही सगळे पायात चपला घालून ताटकळायचो.

*

त्याला सोडायला आम्ही सगळी घरं गेलो. मैदानावर नवी मुलं रांगेत उभी होती. केस इतके बारीक कापलेले की आमचा मिलिंद आम्हाला ओळखू येईना. सार्जंटने हुकूम दिला: घरच्यांना एक वाक्य बोला, वळा आणि चालायला लागा. "बाय मॉम", "बाय डॅड" करत करत मिलिंदची पाळी आली. प्रमिलाने पदर तोंडाशी धरला.

मिलिंद ताठ उभा राहिला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "येतो, आई!"

मग वळला आणि चालायला लागला.

सार्जंट मेश्रामजवळ आला. "व्हॉट डिड ही से?"

मेश्रामने चष्मा पुसला. मग म्हणाला, "ही सेज ही इज कमिंग, सर."

सार्जंटने पाठमोऱ्या मिलिंदकडे पाहिलं. "कमिंग? ही इज गोइंग द राँग वे!"