घरघरणारा स्किमर
स्किमरचा पेला धुताना त्यातल्या काळपट फेसाचा कुजकट वास नाकात शिरला की मला क्रॉफर्ड मार्केटजवळचं शोभेच्या माशांचं दुकान आठवतं. लालबागच्या आमच्या एका खोलीत मी प्रवाळांची टाकी मांडली होती, आणि खाऱ्या पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर घ्यायला वडिलांसोबत तिथे गेलो होतो. सगळे त्याच खोलीत झोपायचे, म्हणून मला बिनआवाजाचा हवा होता. दुकानदाराने दोन चालू करून दाखवले. वडिलांची उमेदीची वर्षं गिरणीत, कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात गेलेली. त्यांनी पहिल्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, "ह्यो चालू हा?" दुकानदार म्हणाला, "चालूच आहे काका, हीच तर याची खासियत." "मगे कळतला कसा?" म्हणत वडील दुसऱ्याकडे वळले. तो एकसारखा घरघरत होता. "ह्योच घे. बंद पडलो तर झोपेत पण कळतला." मी कुरकुरत तोच घेतला. त्या घरघरीत वडील गाढ झोपायचे आणि वीज गेली की सगळ्यांच्या आधी उठून बसायचे. आता वडील नाहीत, तो स्किमरही जळला. नवा अगदी गप्प असतो. सकाळी उठलो की मी आधी त्याच्यावर तळहात ठेवून बघतो.