मिलिंदच्या ताऱ्यांचे गठ्ठे

मिलिंद गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत आठवीला वर्तुळ शिकवत होतो. तसाच खडूच्या हातानं मावशीच्या गावी, तलमडुगूला पोचलो... तिचा हा एकुलता मुलगा, माझा मावसभाऊ. पुण्यात पल्सार नावाच्या ताऱ्यांवर संशोधन करायचा. किडन्या निकामी झाल्यावर गावी परतला आणि पुढच्या खोलीत कागद पसरून काम करत राहिला.

हे तारे गरगर फिरतात आणि त्यांचा रेडिओ झोत आपल्यावरून झर्रकन निघून जातो. एकदा भरदुपारी ज्वारी साठवायच्या अंधाऱ्या खोलीत बॅटरी लावून त्यानं मला दाखवलं. भिंतीवर मधे अंधुक, भोवती उजेडाचं कडं. "दादा, आपल्याले याच्यातली एक रेघच भेटते. पुरा झोत कसा असंन, कुठं किती तेज असंन, हे त्या रेघीवरून मांडून राह्यलो." गणिताचा मास्तर म्हणून मी मान डोलावली. खरं सांगतो, निम्मंही कळलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या विधीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी त्याची पुढची खोली रिकामी करायची होती. जमिनीवर दगड ठेवलेले गठ्ठेच गठ्ठे. मला पसारा बघवत नाही. पानांच्या कोपऱ्यात आकडे होते, ते मला गठ्ठ्यांचे नंबर वाटले, म्हणून सगळे गठ्ठे मोडून उत्तरपत्रिका लावतो तशी एकची पानं एकत्र, दोनची एकत्र लावली, सुतळीनं बांधली. दगडांखालच्या चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. स्वतःवर खूशही झालो.

पंधरवड्यानं त्याचे पुण्याचे सर आले. सुतळी सोडून त्यांनी पानं चाळली, मग मला समजावलं. मिलिंदचा एक गठ्ठा म्हणजे एक तारा. त्याचं नाव चिठ्ठीवर. कोपऱ्यातला आकडा म्हणजे आपली रेघ झोताच्या मध्यापासून किती दुरून जाते याचा मिलिंदनं धरलेला अंदाज, आणि असे अंदाज प्रत्येक ताऱ्याला कितीतरी. "आता कुठलं पान कोणत्या ताऱ्याचं, हे तोच सांगू शकला असता," शेवटी ते म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं...

मावशी दारात उभी होती. "काऊन रे, तुले तं गनित येते ना? लाव मंग परत."

तेव्हापासून दर रविवारी जातो. पानं पसरतो, एका पानावरची रेघ दुसऱ्या पानाशेजारी धरून बघतो, संध्याकाळी गोळा करतो. काही म्हणजे काही सुचत नाही. मावशी चहा आणून ठेवते आणि विचारते, "कितीक तारे झाले रे?" मागच्या रविवारी मी दोन म्हणालो होतो. काल तीन म्हणालो, तर ती शेजारणीला सांगायला गेली. एकही झालेला नाही.