वहिनीची साखरेची वही

आमच्या वहिनीच्या शिवणाच्या वहीत एकही बाई जाड नाही. कंबर अडतीस भरली की ती गिऱ्हाइकासमोर छत्तीस लिहिते आणि कापड मुकाट्याने अडतीसला कापते. त्यामुळे गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका तिच्याकडेच येतात. कोणाचं मन दुखवायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं.

गरोदरपणात सहाव्या महिन्यात तिला साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचून साखर मोजायचं मशीन दिलं, आकडा जेवणानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या आत हवा म्हणून बजावलं आणि रोज लिहायला वही दिली. घरात लगेच तज्ज्ञ उगवले. आई म्हणाली, दोन जिवांचं खा. दादाने गोड बंद केलं, म्हणजे तिचं. मी कुठलासा कडू रस सुचवला, कारण सुचवायला काही लागत नाही.

वहिनीने कोणालाच नाराज केलं नाही. आईने वाढलेलं खाल्लं, माझा रस प्याली आणि एकशेसाठ आले की वहीत एकशेअठरा लिहिले. डॉक्टरीणबाई खूश.

आठव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळ महिन्यांच्या मानाने बरंच मोठं दिसलं. डॉक्टरीणबाई वही उलटसुलट करत बसल्या. शेवटी नर्सने मशीनचं बटण दाबलं. त्यात सगळे आकडे तारीखवार होते. मशीनला भीड नसते.

"हे काय केलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मॅडम. इतक्या आपुलकीने सांगता."

"मला वाटू दे वाईट. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला तर काय करशील? आजपासून इन्सुलिन."

घरी आल्यावर आईने फर्मान काढलं, "सुई एकदा लागली की जन्माची लागते. घ्यायची नाही." वहिनीने सासूचा शब्द मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. आताही मोडणार नाही, अशी मला मनापासून भीती वाटली.

"तुम्हाला वाईट वाटेल, आई," वहिनी म्हणाली. मग तिच्यासमोरच बसून तिने पोटाची चिमूट धरली आणि सुई टोचली.

पाचव्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "आज किती आली गं तिची?"

बाळ वेळेवर आणि धडधाकट झालं. आता आई आल्यागेल्याला सांगते, "मीच सुई घ्यायला लावली."

"नाही, आई," वहिनी शिवता शिवता म्हणते. "तुम्ही नको म्हणाला होतात."