दोन चौकोनी कंसांमधलं नाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. मराठी वाचायला मी बापाच्या मागे बसून शिकलो आणि लिहायला त्याहून उशिरा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी हसायला नको. पण जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात मी पस्तीस वर्षं फिटर होतो. केसाच्या जाडीचा फरक नुसत्या बोटानं ओळखत होतो. इंजिनियर लोक तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे, मी त्यांच्याकडे जायचो नाही. अशा माणसाला म्हातारपणी एका कंसानं रडवावं, याचा मला अजून राग आहे.

आमच्या वस्तीच्या विहारात लहानसं वाचनालय आहे. तिथल्या लोकांनी ठरवलं की वस्तीचा इतिहास कंप्युटरवर ठेवायचा. माझी सून सिविल लाइंसमध्ये सरकारी ऑफिसात आहे, तिनं ते मनावर घेतलं आणि विकी उभी केली. विकी म्हणजे अशी वही, की जी कोणीही उघडावी, कोणीही तीत लिहावं आणि एका पानावरच्या शब्दावर बोट ठेवलं की त्या शब्दाचं दुसरं पान उघडावं. तशी जोड करायची तर शब्दाच्या आधी दोन चौकोनी कंस, शब्दाच्या नंतर दोन. सून म्हणाली, "बाबा, बस इतकंच आहे."

इतकंच म्हणे.

मी यात पडलो तो बाबूजीमुळे. बाबूजी म्हणजे आमच्या विहार समितीचा जुना सचिव, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला. राहतो दीक्षितपुऱ्यात, पण लक्ष सगळं आमच्या वस्तीत. त्यानं विहार कसा बांधला याचं पान लिहिलं. जागा कशी मिळाली, परवानगीचा अर्ज कुठे कुठे फिरला, समितीत कोण सात माणसं होती, सगळं एकदम ऑफिसच्या भाषेत. विटांचा शब्द नाही. विटा काय पायांनी चालत आल्या?

विटा पनागरच्या रस्त्यावरच्या भट्टीतून यायच्या. ट्रॅक्टर नाल्याच्या अलीकडे टाकून जायचा, पलीकडे गाडीला वाट नव्हती. तिथून पुढे वस्तीतल्या बायांच्या डोक्यावर. दर रविवारी, दोन हिवाळे. आणि त्या बायांना घरातून काढणारी, रांगेत लावणारी, सगळ्यात पुढे चालणारी आमच्या घरची होती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

मी बाबूजीला म्हटलं, यात बाया कुठे आहेत. तो चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, "मिस्त्री, वही सगळ्यांची आहे. लिहा ना. तुम्हाला कोण अडवून राहिलं?"

मला धड लिहिता येत नाही हे त्याला माहीत होतं. म्हणूनच म्हणाला. वैशाख पौर्णिमेला ही सगळी पानं विहारात पडद्यावर दाखवायची होती. हातात महिनाभर होता. पडद्यावर ते पान उघडेल तेव्हा त्यात ती असली पाहिजे, एवढं मी मनात धरलं. बाकी मला काही नको होतं.

आता त्या कंसाची गोष्ट. कीबोर्ड मराठीवर असताना कंसाचं बटण दाबलं की कंस येत नाही, ड येतो. दोनदा दाबलं की डड. शब्दाच्या शेवटी बंद करायचा कंस दाबला की अक्षराखाली टिंब. पहिल्या दिवशी मी 'डडविहार' असं लिहून ठेवलं आणि ते दिवसभर अख्ख्या वस्तीनं वाचलं. खरा कंस पाहिजे तर आधी कीबोर्ड इंग्रजीवर न्यायचा, कंस मारायचे, परत मराठीवर यायचं, शब्द लिहायचा, परत इंग्रजी, परत मराठी. रस्त्यावर हिंदी आणि घरात मराठी असं आम्ही जन्मभर करत आलो, पण एका शब्दासाठी चारदा भाषा बदलायची वेळ कधी आली नव्हती.

सुनेला विचारलं असतं तर तिनं पाच मिनिटांत काही उपाय दाखवला असता. पण मी कारखान्यात कोणाला विचारलं नाही, तर घरात काहून विचारू? मी एका कोऱ्या पानावर कंसांच्या जोड्या ठेवून दिल्या. लागली की तिथून उचलायची, शब्दाला लावायची, जसा टेबलावरचा पाना उचलावा. मग विहाराच्या पानात विटा नाल्याअलीकडून आल्या अशी एक ओळ घातली, आणि माझ्या हातची पहिली जोड लागली ती त्या ओळीतल्या नाल्याची. नाल्याचं पान कोणीतरी आधीच लिहिलेलं होतं, म्हणून शब्द निळा झाला आणि बोट ठेवलं तसा नाला उघडला. मग मी नाल्याच्या पानावर जाऊन तिथून विहाराची उलटी जोडही लावली. दोन तुकडे एकमेकांत बसवायचे असले की आम्ही दोन्हींवर पंचानं, म्हणजे टोकदार हत्यारानं, सारखं टिंब मारायचो, एकावर मारून चालत नाही. ते काम बरं झालं, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग ते लाल दिसलं.

सून तेव्हा भावाच्या लग्नाला पनागरला माहेरी गेली होती, आठ दिवस. मी एकटाच पानं चाळत बसलो होतो. शिवणवर्गाचं पान उघडलं तर त्यात आमच्या घरचीचं नाव. पुरं नाव, आणि लालभडक. विहिरीच्या पानावर तेच. रात्रशाळेच्या पानावरही तेच. तिच्यासोबत वस्तीतल्या आणखी कितीतरी माणसांची नावं तशीच लाल, काही मेलेली, काही जिवंत.

कारखान्यात लाल रंगाचा एकच अर्थ असायचा. इन्स्पेक्शनवाला तुकडा मोजायचा, मापात बसला नाही तर ब्रशनं त्यावर लाल पट्टा ओढायचा. तो तुकडा बाद. भंगाराच्या पेटीत. लाल लागलेला तुकडा माझ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत कधी राहिला नाही, हा माझा मान होता. आणि इथे माझ्या बायकोच्या नावावर कोणीतरी लाल पट्टा ओढला होता. ज्या बाईनं दोन हिवाळे विटा वाहिल्या, ती बाद?

माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा तिचंच नाव पुसलं, सगळ्या पानांवरून. नुसते कंस नाही, नावासकट. मग बाकीचे लाल शब्द. तीन दुपारी मी हेच करून राहिलो होतो. जेवण बाजूला, चष्मा नाकावर घसरतो आहे, पण एकही लाल राहू दिला नाही. चौथ्या दिवशी विहाराच्या पायरीवर बाबूजी भेटला, त्याला मी छाती काढून सांगितलं की तुमची सगळी पानं साफ करून दिली. त्यानं मान हलवली, अच्छा म्हणाला. त्यालाही काही कळलं नसावं, पण तो कबूल थोडाच करणार.

सून लग्नाहून आली. हातातली मिठाईची पेटी ठेवली आणि कंप्युटर उघडून बसली.  तिचं माहेर आमच्याच लोकांचं, पण घरात हिंदी. रागावली की तिची मराठी हळू होते, शब्द शोधत बोलते.

"बाबा, हे सगळं कोणी पुसलं?"

मी म्हटलं, मी. बाद माल होता.

 ती खुर्ची ओढून समोर बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली, त्याचाही मला राग आला. म्हणाली, लाल म्हणजे खराब नाही. जोड लावलेली आहे, पण त्या नावाचं पान अजून कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लाल. पान लिहिलं की आपोआप निळं. तिनं मुद्दाम ती नावं लाल ठेवली होती. लोक लाल नाव बघून तिच्याकडे यायचे, अरे इनका तो हम बताएँगे म्हणायचे आणि दोन गोष्टी सांगून जायचे.

"आईंचं नाव अकरा पानांवर होतं," ती म्हणाली. "मी एकटीनं नाही टाकलं. वस्तीतल्या बायांनी एक एक सांगितलं."

"आता किती पानांवर आहे?"

"एकाही नाही."

 उठून अंगणात गेलो, नळ चालू होता तो बंद केला, परत येऊन बसलो.

ती म्हणाली, काळजी नका करू, जुनं पान परत आणता येते, बटण दाबलं की झालं. मी नाही म्हटलं. कारखान्यात आमच्या शॉपमध्ये ज्यानं जॉब, म्हणजे हातातला तुकडा, बिघडवला त्यानंच तो सुधरायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. सून कपाळाला हात लावून म्हणाली, "जिद्दी आहे तुम्ही. आई बरोबर म्हणायच्या."

"काय म्हणायची?"

"ते मी पानावर लिहीन."

जुनी पानं वाचायची सोय असते, ती समोर ठेवून मी एक एक नाव परत बसवू लागलो. बाकीची बसली. तिचं नाव आलं आणि हात थांबला. पन्नासच्या वर वर्षं संसार केला, तिला कधी नावानं हाक मारली नाही. ऐकलं का, एवढंच. बाहेर कोणाशी बोलताना घरची. पुसताना ते नाव माझ्या हातून भराभर गेलं, रागात होतो. लिहायचं म्हटलं तर बोटं जड. माझी अडचण सुनेच्या लक्षात आली असावी, कारण तिनं न विचारता एक उभी रेघ दाखवली. कंसाच्या आत आधी पानाचं खरं नाव, मग ही रेघ, मग जो शब्द लोकांना दिसायला पाहिजे तो. रेघेच्या उजवीकडचंच दिसतं, डावीकडचं आत राहतं, आणि बोट ठेवलं की तेच उघडतं.

मला ते आवडलं. मी अकराही ठिकाणी डावीकडे तिचं नाव आणि उजवीकडे 'घरची' लिहिलं. पूर्ण दीड दिवस लागला, कारण ती रेघही मराठी कीबोर्डवर सापडेना. सुनेनं बघितलं आणि हसू दाबलं.

"शिवणवर्गाच्या पानावर तुमची घरची कुठून आली, बाबा? तिथे त्या ताई होत्या."

खोटं नव्हतं. परत सगळं उघडलं. शिवणवर्गात ताई. विहिरीवर मावशी. रात्रशाळेत, जिथे ती स्वतः चाळिसाव्या वर्षी पाटी घेऊन बसली होती, तिथे तिला मोठी पोरगी म्हणायचे, ते. उजवीकडचा शब्द प्रत्येक पानावर वेगळा, डावीकडे सगळीकडे तेच एक नाव. विहाराच्या पानावर ती आधी नव्हतीच, तिथे माझ्या विटांच्या ओळीत मी तिला घरची म्हणूनच बसवलं. कोणाला काय म्हणायचं ते म्हणो.

पण सगळे शब्द लाल. पान लिहिल्याशिवाय निळे होणार नाहीत, आणि पौर्णिमा पाच दिवसांवर. मी रोज दुपारी ते कोरं पान उघडायचो. वर तिचं नाव, खाली पांढरं, आणि एक बारीक रेघ उघडझाप करते. एक वाक्य लिहायचो, पुसायचो. तिच्याबद्दल जे मला माहीत होतं ते पानावर घालण्यासारखं नव्हतं आणि जे घालण्यासारखं होतं ते बाबूजीच्या भाषेतलं होतं. बाबूजी एकदा स्वतःहून आला. म्हणाला, द्या इकडे, दोन परिच्छेद करून देतो, "यांचे बहुमोल योगदान लाभले" वगैरे टाकून. मी त्याला चहा पाजला आणि घरी लावून दिलं.

आदल्या दिवशी दुपारी मी चार वाक्यं लिहिली. ही बाई दर रविवारी नाल्याअलीकडून विटा आणायची. एका खेपेला आठ. सगळ्यात पुढे चालायची. विहाराच्या भिंतीत डाव्या कोपऱ्यात खाली ज्या विटा आहेत, त्या हिच्या डोक्यावरून आल्या. पान जतन केलं. विहाराचं पान उघडून बघितलं तर घरची निळी झाली होती.

पौर्णिमेला पडद्यावर ते पान उघडलं. सुनेनं त्या निळ्या शब्दावर बोट ठेवलं, माझी चार वाक्यं एवढी मोठी होऊन भिंतीवर आली.  मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आठ नाही वो भाऊ, दहा. आठ तर मी नेत होती." दुसरी म्हणाली, पुढे नाही, ती मागे चालायची, कोणी दमलं की हात द्यायला. बाया एकमेकींत बोलू लागल्या आणि बाबूजीचं भाषण राहून गेलं, ते तेवढं बरं झालं.

माझं चांगलं मात्र काही झालं नाही. वही सगळ्यांची. आता रोज कोणी ना कोणी त्या पानात हात घालतं. आठच्या जागी दहा झाले. पुढेचं मागे झालं. मी बायकोसोबत राहिलो आणि मलाच दुरुस्त करून राहिले. सुनेनं तिथे लिहून ठेवलं आहे की यजमान हट्टी होते, पण रविवारी मोठ्या पोरांना घरी तेच सांभाळत. हे मी पुसलेलं नाही. पुसता आलं असतं.

काल बघितलं तर कोणीतरी नवीन वाक्य घातलेलं. विटा वाहताना ती तान्ह्या पोराला कडुनिंबाखाली चटईवर ठेवायची. आणि कडुनिंबाला कंस लावलेले. लाल.

ते झाड आता नाही. विहाराच्या दाराची चौकट त्याचीच आहे, आणि तोडू नका म्हणत असताना तोडलं म्हणून ती माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. तोडणारा मीच. वस्तीत हे माहीत असणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी त्या लाल शब्दावर बोट ठेवलं. कोरं पान उघडलं. घाईत कीबोर्ड बघायचा राहिला आणि पहिल्याच ओळीत डड उमटला.