गाळलेली नावं

"केस सोड. वाक. झटक."

मी अकरा वर्षांची होते. हुपरीत एका मालकाच्या घरात पैंजणांचा कारखाना होता. आई तिथं घुंगरू जोडायची आणि शाळा सुटली की मी तिच्याजवळ बसून कड्या निवडायची. निघताना सगळ्या बायकांना घमेल्यात हात धुवावे लागायचे. पाण्यात चांदीचा चुरा उतरतो, म्हणून ते पाणी ठेवून घेत. हात सगळ्यांनाच धुवावे लागत. केस झटकायला मात्र फक्त आम्हा दोघींना सांगायचे. कारखान्यात बौद्धवाड्यातल्या आम्ही दोघीच होतो.

मालकीणबाईंनी पितळी परात पायानं पुढं सरकवली. मी रिबिनी सोडल्या, वाकले, झटकले. परातीत कोंडा पडला. एक ऊ पडली.

"चांदी न्हाय, पर वस्ती दांडगी हाय की गं डोक्यात!" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. आईपण हसली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वेण्या कात्रीनं कापल्या आणि तशीच कारखान्यात गेले. "आता काय झटकू?" असं विचारलं. आईनं घरी आणून बडवलं. पण ती परात पुन्हा माझ्यापुढं आली नाही.

हा प्रसंग सांगायला मला आवडतो. विहारात सांगितला, शिबिरात सांगितला, टाळ्या मिळाल्या. पुढचं मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही.

एकोणीसशे नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी तिशीतली, नवऱ्यानं टाकलेली, बारावी पास. कोल्हापुरात एका महिला संस्थेत सेविका म्हणून लागले. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे. मोठ्या घरातली बाई. आवाज मऊ. मला त्यांनी कधी हिडीसफिडीस केलं नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या एका गावानं आमच्या समाजाची सात घरं हुसकून लावली. गावाचं नाव पुढं सांगते. आधी पाणी बंद, मग दळण बंद, आणि एका दुपारी, पुरुष कामाला बाहेर गेलेले असताना, वस्ती पेटवली. वस्तीत तेव्हा बायका आणि पोरंच होती. पोलिसांनी कागदावर 'अज्ञात जमाव' असं लिहिलं. बायका बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्या.

त्यांना उचगावच्या बाजूला, वहिनीसाहेबांच्या सासऱ्यांच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये ठेवलं. पूर्वी तिथं गूळ असायचा. फरशी पायाला चिकटायची. मुंगळे पोरांच्या कानात जायचे. बायकांची देखभाल माझ्याकडं होती.

त्यांतली एक कलावती. मी तिला कलाक्का म्हणायची. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. बरोबर म्हातारी सासू आणि पाच वर्षांची मुलगी. कलाक्का पायांतल्या चपला काढायची नाही. झोपतानासुद्धा नाही. पाठ कायम भिंतीला. कणीक मळायची आणि तशीच ठेवून द्यायची, चूल पेटवायला तिचा हात जायचा नाही. भाकऱ्या सासू थापायची. पंधरा दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही.

मला संस्थेनं दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथं एका डॉक्टरांनी सांगितलं, मनातलं बोललं की मन हलकं होतं. मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

म्हणून त्या दिवसांत मी रोज तिच्यापुढं बसायची. "कलाक्का, बोल. मी हाय नव्हं?" असं म्हणायची. तिचे केस विंचरले. तिच्या मुलीला बिस्किटं आणली. आणि सोळाव्या का सतराव्या दिवशी ती बोलली. दुपारभर बोलली. सगळं सांगितलं. चार माणसांची नावं घेतली, बापाच्या नावासकट. कोण पुढं होता, कोण दारात उभा होता, कोण नुसता हसत होता.

त्या जळितानंतर ती पहिल्यांदा बोलली ती माझ्याशी.

मी धावत वहिनीसाहेबांकडं गेले. मला वाटलं आपण काहीतरी मिळवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"नावं नकोत हं," त्या म्हणाल्या. "आपलं काम निवारा द्यायचं आहे, कोर्ट चालवायचं नाही. आणि त्यातलं एक घर आमच्या नात्यातलं आहे. उगीच कटुता."

"बरं," मी म्हणाले.

एवढंच. मी 'बरं' म्हणाले. केस कापलेली मुलगी कुठं गेली होती कुणास ठाऊक.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. देणगीदार. वहिनीसाहेबांनी घरून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणवली. पाहुण्यांनी त्या खुर्चीवर बसायचं, कलाक्कानं समोर सतरंजीवर. आदल्या दिवशी मी तिची तयारी करून घेतली. मी तिला सांगितलं, नावं घ्यायची नाहीत. नुसतं 'माणसं' म्हणायचं. मधलं तुझ्या सासऱ्याचं गाळ, लांबतं. इथं थांब. इथं पदरानं डोळं पूस. पाहुण्यांना वेळ कमी असतो.

ती मुकाट्यानं शिकली. चांगली शिकली. पाहुणीबाई रडली. ब्लँकेटं आली. पुढच्या वेळी छपराचे पत्रे आले. मग दुधाची पावडर. दर खेपेला लाल खुर्ची, दर खेपेला कलाक्का. दुसऱ्या कुणाला तिच्यासारखं सांगता यायचं नाही. मी आधी तिच्या बाजूला खाली बसायची. तिसऱ्या खेपेनंतर वहिनीसाहेबांनी मला स्टूल दिलं. मी त्यावर बसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तिची सासू एकदा नळावर माझ्या हाताला धरून म्हणाली, "पोरी, तू तिला किती बारी जाळणार हाईस?"

"आजी, बोलल्यानं मन हलकं होतं."

"तुजं हुतंय हलकं. तिचं न्हाय."

मला राग आला. अडाणी म्हातारी, असं मी मनात म्हणाले. मीच, बौद्धवाड्यातली, तिला अडाणी म्हणाले.

मग तो दिवस. सकाळी दहा-साडेदहा. पाहुणे कुणी नव्हते. लाल खुर्ची कोपऱ्यात होती. कलाक्काची मुलगी खेळता खेळता त्या खुर्चीवर चढून बसली. पाय हलवत होती. कलाक्का भांडी घासत होती. तिनं वर बघितलं. हात पदराला पुसले. उठली, येऊन सतरंजीवर खुर्चीपुढं बसली आणि सुरू झाली.

पहिल्या वाक्यापासून. त्याच आवाजात. पोटच्या पोरीला. मी शिकवलेल्या जागी थांबली. मी शिकवलेल्या जागी पदरानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते. पोर आधी हसली. मग हसायची थांबली.

मी धावत जाऊन पोरीला उचललं. खुर्ची मोकळी झाली तरी कलाक्का थांबली नाही. रिकाम्या खुर्चीला सांगून संपवलं, मग उठून भांडी घासायला गेली.

सासू दारात उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

तीनच दिवसांनी मुंबईचे पाहुणे आले. कॅमेरा घेऊन. वहिनीसाहेब म्हणाल्या, "तिला आण."

"न्हाय आणणार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ती आता कुणालाच सांगणार न्हाय. मी आणणार न्हाय."

वहिनीसाहेब चिडल्या नाहीत. त्या कधीच चिडायच्या नाहीत. पाहुण्यांकडं बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, "मग तू सांग. तुला पाठच आहे की. आणि तुझ्याच लोकांची आहे, तुझ्या तोंडून शोभेलही."

शोभेल. परात पुन्हा पुढं आली होती. मला ती दिसली. दिसूनही मी वाकले. कलाक्का सुटली तर सुटली, असं मनाला सांगितलं. नोकरी जाईल, हेही सांगितलं. कॅमेऱ्यापुढं बसून मी तिची गोष्ट सांगितली. थांबायच्या जागी थांबले. आणि शेवटी रडलेसुद्धा. खरी रडले. नावं गाळली.

संपल्यावर वळून बघितलं. कलाक्का दाराशी उभी होती. हातात माझ्यासाठी चहाचा कप. तिनं कप खाली ठेवला आणि आत गेली.

ती त्या दिवसानंतर कुणाशीच बोलली नाही. एक शब्द नाही. पहिल्यांदा ती बोलली माझ्याशी, आणि शेवटचं तिचं जे काही होतं, ते मी घेतलं.

महिन्याभरानं तिचा भाऊ तिला आणि पोरीला पेठ वडगावला घेऊन गेला. मीही नोकरी सोडली. लोक म्हणाले, बाणेदार हाय. मी ते म्हणू दिलं.

वडगावला जायला मला सात वर्षं लागली. एसटीतून उतरून दोनदा परत फिरले होते. तिसऱ्यांदा घरापर्यंत गेले. मुलगी आता मोठी झाली होती, बारीक, गंभीर. शेजारणीनं माझ्यासाठी तिच्या घरातली खुर्ची पुढं केली, तर पोर पटकन म्हणाली, "मावशी, खुर्चीवर बसू नगा. खाली बसा. आमच्यात खुर्ची ठेवत न्हाईत."

मी खाली बसले. कलाक्का भिंतीला पाठ लावून बसलेली. पायांत चपला. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. मी "चुकलं माझं" म्हणाले. तिनं हातातली काथ्याची दोरी वळायला घेतली. मी दीड तास बसले. उठले. आले. त्याच उन्हाळ्यात ती गेली. मुक्यानंच गेली.

हे आता का लिहितेय? महिन्यापूर्वी संस्थेचं पत्र आलं. स्मरणिका काढतायत. वहिनीसाहेब थकल्यात, पत्र सुनेच्या सहीचं आहे. लिहिलंय, 'आपण कलावतीची कहाणी आपल्या शब्दांत लिहून द्यावी. वाचकांच्या काळजाला भिडेल.' गेला महिनाभर ते पत्र उशाशी आहे.

मला ती कहाणी अजून पाठ आहे. पहिल्या शब्दापासून. ती इथं येणार नाही. इथवर वाचताना तुम्हीही त्या दुपारी तिच्याबाबत नेमकं काय घडलं याची वाट बघत असाल. मला त्याचा राग नाही, मीच लोकांना ती सवय लावली. पण ते तिचं होतं. मी मरेन तेव्हा ते माझ्याबरोबर जाईल. तिच्या मुलीनं मागितलं तरच तिला देईन, आणि तिनं अजून मागितलेलं नाही.

नावं मात्र तिची नाहीत. ती त्यांची आहेत. चारांतला एक मेला. तिघं आहेत. एकजण गावचा सरपंच आहे.

गेल्या सोमवारी मी पोलीस ठाण्यात गेले होते. हवालदार म्हणाला, "एवढी वर्षं काय झोपली हुतासा काय, बाई?" बरोबर विचारलं त्यानं. झोपले नव्हते, स्टुलावर बसले होते. त्यानं कागद घेतला नाही. पोस्टानं पाठवलाय. त्याचंही काही होणार नाही, मला ठाऊक आहे. साक्षीदार गेली. तिला घालवणारी मीच आहे, हेही त्या कागदात लिहिलंय.

गावाचं नाव पुढं सांगते, असं वर म्हणाले होते. ते त्याच गावात जाऊन सांगणार आहे. येत्या ग्रामसभेत. बरोबर कुणी येणार नाही. मला बोलू देतील असंही नाही. मध्ये खुर्ची असेल, सरपंचाची. मी समोर उभी राहीन. खाली बसणार नाही, वाकणार नाही, थांबायच्या जागी थांबणार नाही. चार नावं घेईन, बापाच्या नावासकट, मेलेल्याचंही. मग एवढंच म्हणेन:

"आता तुमी सांगा. त्या दुपारी काय केलासा?"