मालक हाईत का?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरात, आमच्या घरी, ‘दोघे बंधू कांदा-लसूण चटणी’ तयार होत असे. बंधू कुणीच नव्हते. चटणी आई आणि काकू करत. नाव काकूने सुचवलेले.

“बायकांचा माल म्हटला की दुकानदार घासाघीस करत्यात. बंधू म्हटलं की गप बसत्यात,” हे तिचे कारण. पाकिटावर दोन फेटेवाले छापले. छापखानेवाल्याने आपणहून त्यांना मिशा काढल्या. जाड मिशांचा तो आपण, असे आईने जाहीर केले.

माल पेठेबाहेर जात नव्हता. मिरची कांडायला दोघी चौकातल्या डंक्यावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, ताटकळत. घरचा डंका घ्यायचा तर मोठे गिऱ्हाईक हवे होते. एका उन्हाळ्यात ते गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याच्या रूपाने दारात आले. व्यापाऱ्याला दर महिन्याला माल हवा होता. त्याने चटणी चाखली, घाम पुसला आणि विचारले, “मालक हाईत का?”

आमच्याकडे बायका नवऱ्यालाच मालक म्हणतात. आईने सवयीने सांगितले, “मालक शाळेत गेल्यात. येतीलच की. बसा पावणं.”

मी तिथेच पाकिटे चिकटवत होतो. घोटाळा माझ्या लक्षात आला तोवर वडील सायकल लावून आत आले. ते शिक्षक. चटणीशी त्यांचा संबंध ताटापुरता.

“थोरलं बंधू तुम्हीच न्हवं?” व्यापारी उठून म्हणाला. “दर बोलूया.”

वडिलांनी आईकडे पाहिले. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

“पावणं, मी फक्त हिचा मालक. चटणीचा मालक हीच. थोरलं बंधू म्हंजे ही.”

“आन् धाकटं?”

“मी हाय की,” काकू उलथने घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

व्यापाऱ्याने पाकीट पाहिले, मग दोघींकडे पाहिले.

“मिशा काढलासा व्हय?”

हसण्यातच त्याने दर पाडून मागितला. काकू म्हणाली, “बंधूंशी घासाघीस करत न्हाईत.”

दर तोच राहिला.

दिवाळीआधी परसात डंका बसला. नारळ फोडायला सगळ्यांनी वडिलांना पुढे केले. ते मागे सरकले. “थोरल्या बंधूंचा मान.”

आईने एका फटक्यात नारळ फोडला. काकूने बटण दाबले. पहिली मिरची कुटली गेली आणि सगळी गल्ली शिंकू लागली.